कोऱ्या कागदाला नंबर मिळाला

"पेन खराब आहे तुझं," बापूकाका म्हणाले.

पेन खराब नव्हतं. दिल्लीहून निघताना नवं पाकीट फोडून आणलं होतं. कागदाच्या कोपऱ्यात मी बोटभर रेघ ओढली. ती जांभळी राहायला हवी होती, पण आमच्या डोळ्यांदेखत हळदीसारखी पिवळी झाली.

"काका, पेन चांगलं आहे. कागदात ॲसिड आहे."

"माझ्या कागदात?"

"हो."

"ॲसिड?"

"हो काका."

शकूकाकू आतून दराब्याच्या, म्हणजे रवा-तुपाच्या मिठाईच्या, वाट्या घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तू पास होऊनच नोकरीला लागली ना?"

आता हा प्रकार काय होता ते नीट सांगते.

मी कॉन्झर्वेटर आहे. म्हणजे कागदांची डॉक्टर. देशाच्या अभिलेखागारात माझी नोकरी. अभिलेखागार म्हणजे देशाचं जुनं दप्तर ठेवायची जागा. फर्मानं, करार, नकाशे, सरकारी फायली, मोठ्या माणसांची खासगी कागदपत्रं आणि कधी कधी अगदी साध्या घरांतून आलेल्या वस्तू. लोकांना वाटतं आम्ही तिथं धूळ खात बसतो. अहो, धूळ काढण्याचाच पगार मिळतो आम्हाला! सरकारं येतात-जातात, साहेबांच्या बदल्या होतात. कागद राहिला तर पन्नास वर्षांनी कुणीतरी येऊन विचारू शकतं की हे असं का केलं होतं. कागद नसेल तर नुसतं भांडण राहतं. एवढंच माझ्या नोकरीचं तत्त्वज्ञान आहे.

त्या वर्षी ऑफिसनं एक काम काढलं. देशभरातल्या जुन्या पाणी-व्यवस्थांचे हातानं काढलेले नकाशे लोकांच्या घरांतून शोधायचे आणि मालक राजी असतील तर संग्रहात घ्यायचे. यादीत बऱ्हाणपूर येणारच होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलेलं, आणि बोगद्याच्या वर ओळीनं विहिरीसारख्या कुंड्या. मोगलांच्या काळातलं काम आणि पाणी अजून वाहतंय.

"बुरहानपुर तो आपका मायका है ना, मॅडम?" आमचे मेहरा साहेब म्हणाले. "आप ही जाइए. जलेबी लेते आइएगा."

माहेर म्हणजे अगदी बऱ्हाणपूर नाही. तिथून जवळच वर्तमानपत्राचा कागद बनवणारा कारखाना आहे, त्याच्या कॉलनीत मी वाढले. वडील स्टोअरमध्ये होते. महाराष्ट्रातून आलेली पुष्कळ कुटुंबं, तशातलंच आमचं. पलीकडच्या क्वार्टरमध्ये बापूकाका आणि शकूकाकू. ते मात्र मूळचे बऱ्हाणपूरचेच, लोधीपुऱ्यातले. काका पेपर मशीनवर ऑपरेटर. मशीन म्हणजे आगगाडीच्या डब्यांएवढी लांब. एका टोकाला पाण्यासारखा लगदा पडायचा आणि दुसऱ्या टोकाला कागद गुंडाळला जायचा. लहानपणी मला तो जादूचा खेळ वाटायचा. रिटायर झाल्यावर काका-काकू लोधीपुऱ्यातल्या आपल्या घरी परत आले. मुलगी लग्न होऊन बऱ्हाणपुरातल्याच लालबागला असते.

आणि त्यांच्याकडे नकाशा होता. काकांचे आजोबा ओव्हरसीअर. कुंड्यांची साफसफाई करून घ्यायची तर माणूस कुठं उतरवायचा हे कळावं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं नकाशा रंगवला होता. जाड कागद, मागे मलमल चिकटवलेली. पाण्याचा मार्ग निळा, कुंड्या तांबड्या, आणि प्रत्येक कुंडीजवळची खूण: कुठं चिंच, कुठं कडुनिंब, कुठं एखादी मजार. तो नकाशा मी लहानपणी एकदा पाहिला होता. तो निळा रंग माझ्या डोळ्यांत राहिला होता.

काकांनी कपाटातून घडी काढली. देवाच्या फोटोखालच्या कप्प्यात होती. वरून वर्तमानपत्राचा कोरा कागद, चहासारखा तपकिरी झालेला. मी हातमोजे घातले, टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि घडी उघडायला घेतली. पापड मोडावा तसा आवाज आला. नकाशाच्या घडीवरून नखाएवढा एक तुकडा सुटून चादरीवर पडला.

निळा रंग गढूळ झाला होता. जिथं जिथं तो तपकिरी कागद लागला होता तिथं तिथं नकाशा करपल्यासारखा दिसत होता. घड्यांच्या रेषा फाटायला आल्या होत्या. अजून एक-दोन उन्हाळे, बऱ्हाणपूरचे उन्हाळे, आणि नकाशाचे चौकोनी तुकडे हातात आले असते.

"काकू, हा कागद नकाशाच्या आत पण आहे?"

"मंग? नकाशावर पसरायचा आणि दोघांची एकच घडी घालायची. शालूच्या घडीत मलमल ठेवतो ना आपण? तसं."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणी कायले सांगायला पायजे? घरचा कागद होता!"

इथं एक रीत सांगावी लागेल. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची. हार, नारळ, सगळं. मग मशीन सुरू केली की जो पहिला कागद निघायचा तो ऑपरेटर मंडळी आपसात वाटून घ्यायची, प्रसाद म्हणून. कॉलनीत प्रत्येक घरी तो कागद असायचा. कुणाच्या देवघराच्या फळीवर, कुणाच्या मुलांच्या पुस्तकांना. माझ्या आईचा शालू त्यातच असायचा. आणि काकांच्या घरी दसऱ्याला नकाशाचा जुना कागद काढून नवा घालायचे. देवाला नवं वस्त्र घालतात तसं.

आता वर्तमानपत्राचा कागद म्हणजे काय? लाकूड, बांबू दळून केलेला. स्वस्त, हलका, शाई पटकन पिणारा. पण लाकडात लिग्निन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो त्या कागदात तसाच राहतो. हवा लागली, उजेड लागला की तो पिवळा पडतो आणि त्याचं ॲसिड होतं. जगात कुठंही बनवा, त्याचा स्वभाव हाच. आणि ते ॲसिड गप्प बसत नाही, शेजारच्या कागदात शिरतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! नकाशा सुती चिंध्यांच्या उत्तम कागदावर होता, सहज टिकला असता. दुसऱ्या कुठल्या घरी तो जुन्या धोतरात बांधून ठेवला असता आणि आज ठणठणीत असता. ही चूक करायला कागद कारखान्याचीच माणसं लागतात.

म्हणून मी ते पेन काढलं. ॲसिड असेल तर रेघ पिवळी, नसेल तर जांभळी. नकाशावर अर्थातच ओढली नाही. वरच्या कागदाच्या कोपऱ्यावर ओढली. आणि काका म्हणाले, पेन खराब आहे.

"आण इकडे," म्हणत त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलंच. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं, रेघ ओढली. जांभळी. जुनं पंचांग काढलं. पिवळी. नातीची लग्नपत्रिका आणली. काकू ओरडल्या, "अहो, देवाच्या नावावर नका ओढू!" मग मागच्या बाजूला ओढली. जांभळी. शेजारच्या लताताई, शाळेत शिकवतात, आवाज ऐकून आल्या. "क्या चल रहा है काका? मलाही बघू द्या ना." त्यांनी पर्समधून शाळेचं सर्क्युलर काढलं. जांभळं. समोरच्या घरातून कुणी हनुमानाच्या पोथीचं कव्हर आणलं, कुणी जिलेबीचा पुडा. पाच मिनिटांत ओसरीवर ही गर्दी! काका खुर्चीत बसून एकेका कागदाचा निकाल सांगू लागले. "हा पास. हा फेल. हा पण फेल, कायले ठेवला घरात?" ऐंशी ओलांडलेला माणूस, पण त्या दिवशी मशीनवरच्या सुपरवायझरचा रुबाब होता. माझं पेन वाळायला आलं तरी मी हसतच होते.

शेवटी लताताईंनी दाराला चिकटवलेली नोटीस काढून आणली. 'टाकी धुण्यासाठी उद्या पाणी येणार नाही.' साधा फोटोकॉपीचा कागद. काकांनी रेघ ओढली. जांभळी, एकदम गडद.

"म्हणजे ही किती टिकेल?" काकांनी विचारलं.

"नीट ठेवली तर शंभर वर्षं सहज."

"टाकी धुऊन झाली, पाणी येऊन गेलं, आणि ही शंभर वर्षं राहणार. आणि माझा कागद नाही?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. पेनचं टोपण लावून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. हळूहळू माणसं आपापल्या घरी गेली. काका नकाशाजवळ उभे राहिले.

"मंगल," ते म्हणाले, "मतलब आजोबांचा नकाशा मी जाळला."

मला फार वाईट वाटलं. खोटं बोलणं माझ्या नोकरीत बसत नाही. मी परत नकाशाकडे बघितलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हिशोब जुळत नाहीये. इतकी वर्षं या कागदात राहिला असेल तर नकाशा याहून खराब हवा होता.

"काकू, हा कागद शेवटचा कधी बदलला?"

काकूंनी काकांकडे बघितलं. "हे रिटायर झाले त्या दसऱ्याला. त्या वर्षीच्या खंडेनवमीचा आहे तो. मंग नवा कुठून आणणार? आणि..." त्यांनी त्या तपकिरी कागदाला बोट लावलं. "यांच्या हातचा शेवटचा कागद होता. तो मले काढवला नाही."

वीसेक वर्षं. तो एकच कागद. मला सगळं चित्र दिसलं.

"काका, बसा इथं," मी म्हणाले. "ऐका नीट. तुम्ही दर दसऱ्याला कागद बदलत होतात ना, तोवर नकाशाला काही झालेलं नाही. उलट धूळ, ओल, कोळ्याची जाळी सगळं त्या कागदांनी वरच्या वर झेललं. तो पिवळा पडायला लागायच्या आत तुम्ही काढून टाकत होतात. जे झालं ते या शेवटच्या कागदानं झालं. कारण काकूंनी तो प्रेमानं ठेवून घेतला."

"घे! म्हणजे आता माझ्यावर आलं," काकू म्हणाल्या.

"कुणावर नाही आलं. नकाशा बरा होईल. मी दिल्लीला नेते. ॲसिड मारायचं औषध असतं आमच्याकडे, त्यानं पुढचं जळणं थांबतं. फाटल्या घड्या मागून पातळ कागदानं जोडते. मग गार कोरड्या खोलीत, सपाट पेटीत ठेवू. आणि त्याचा फोटो काढून ठेवला की देशातला कुणीही माणूस बघू शकेल, या कुंड्या कुठं आहेत, कशा आहेत. तुम्हाला त्याची हुबेहूब नक्कल मिळेल. दहा हात लांब उभं राहिलात तर ओळखू येणार नाही."

"आणि हा?" काकांनी तपकिरी कागदावर हात ठेवला.

"हा... हा तर काढावाच लागेल ना, काका."

"काढून?"

काढून काय करतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांची समजूत काढावी म्हणून मी म्हणाले, "अहो, तुमचा कागद आमच्याकडे आधीपासून आहे! जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे, रॅकच्या रॅक. निम्मा देश तुमच्या कागदावर सकाळी चहा पीत होता. तो वाचवायलाच तर आम्ही त्या पानांच्या फिल्म काढतो."

मला वाटलं काका खूश होतील. ते म्हणाले, "ते शाईसाठी ठेवलं तुम्ही. कागदासाठी नाही."

बरोबर होतं ते.

"मंग माझंही ऐक. नकाशा पायजे ना तुमच्या सरकारले? घेऊन जा. पण हा कागद पण घ्या. कागद म्हणून घ्या. जो नंबर नकाशाले द्याल तसाच याले पण द्या. नाही तर दोन्ही इथंच राहतील. जसे आहेत तसे, एका घडीत."

"काका, हा काय हट्ट! लहान मुलासारखा!"

"हट्टच आहे," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पाहू राहिली मी."

मी गच्चीवर गेले आणि साहेबांना फोन लावला. काकांनी नंबर म्हटलं तो आमचा ॲक्सेशन नंबर. संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर मिळतो. रेशनकार्डावर नाव चढवण्यासारखं आहे. एकदा नाव चढलं की ती वस्तू देशाची झाली. मग तिला कुणी सहज फेकू शकत नाही, विकू शकत नाही, आणि तिच्या तब्येतीची जबाबदारी आमची. म्हणून तो नंबर उगाच कुणालाही देत नाहीत. समिती बसते. तिची बैठक त्याच आठवड्यात होती, ती चुकली तर विषय पुढच्या वर्षावर. आणि मध्ये उन्हाळा.

"नक्शा बढ़िया है?" साहेबांनी विचारलं.

"बढ़िया है सर. पर साथ में एक चीज़ और लेनी पड़ेगी." मी सांगितलं.

"रद्दी?"

"न्यूज़प्रिंट, सर."

"मॅडम, वही तो. जिस कागज़ ने नक्शा ख़राब किया, उसी को नंबर दें? कल को कोई कहेगा दीमक को भी नंबर दो! समझाइए उनको. आप तो घर की हैं."

घरची होते हीच तर पंचाईत होती. मला राग आला. साहेबांचा नाही, स्वतःचाच. खाली ओसरीवर काका त्या कागदाच्या सुरकुत्या तळहातानं सारख्या करत बसले होते. अगदी हलक्या हातानं, अगदी सवयीनं. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलांना मी असा हात फिरवायला शिकवते, वर्ष जातं त्यात.

आणि लॅब म्हणताच माझी ट्यूब पेटली. मी परत फोन लावला.

"सर, पिछले साल ॲसिड निकालने की दवा का ट्रायल था. किस कागज़ पर किया?"

"बाहर का सैंपल मँगवाया था. क्यों?"

"क्यों मँगवाया?"

"क्योंकि अपना कोरा न्यूज़प्रिंट मिला ही नहीं. जो है सब छपा हुआ है. कोरा अख़बारी कागज़ कौन रखता है, मॅडम?" आणि मग ते एकदम थांबले.

मी गच्चीवरून समोरच्या घरावर अडकलेल्या पतंगाकडे बघत राहिले.

"कोरा है?" साहेबांनी विचारलं. "बिल्कुल कोरा?"

"एक अक्षर नहीं, सर. अपने देश का बना हुआ, किस मशीन का है पता है, किस दिन निकला पता है, बीस-एक साल किस अलमारी में रहा पता है. और जिसने बनाया वो नीचे बैठा दराबा खा रहा है."

"अरे तो पहले बोलना था ना! दोनों उठाइए. अलग-अलग नंबर. मैं समिति में रखता हूँ."

हे साध्या शब्दांत सांगते. आमच्याकडे त्या जातीच्या कागदाची लाखो पानं आहेत, पण प्रत्येकावर शाई आहे. नवं औषध त्यावर आजमावायचं तर शाईचा परिणाम कुठला आणि कागदाचा कुठला हे कळत नाही. कोरा कागद हवा, आणि त्याची जन्मकथा माहीत हवी. पण वर्तमानपत्राचा कागद बनतोच छापण्यासाठी. कोरा कोण ठेवणार? तो ठेवतं फक्त एकच घर, जिथं तो प्रसाद म्हणून येतो. देशाच्या दप्तरात त्यावर छापलेलं सगळं होतं, तो कागद तेवढा नव्हता.

मी जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले. "काका! घेतलं! दोन्ही घेतले!"

काका उठले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "नंबर?"

"वेगळा नंबर. स्वतःचा."

मग त्यांनी तोंड फिरवलं आणि काकूंना म्हणाले, "पोरीले अजून दराबा दे. सुकली ती दिल्लीत." काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि मला वाटीभर दराबा दिला. त्याच्या गोडीनं माझी दातखीळ बसायची वेळ आली, पण मी सगळा खाल्ला.

त्यानंतरचा फॉर्म भरणं हा एक वेगळाच सोहळा झाला. नकाशाचा फॉर्म पटकन झाला. कागदाच्या फॉर्मशी आम्ही अडलो.

"लेखकाचं नाव?" मी वाचलं.

"लेखक कुठला? कोरा आहे."

"मग बनवणारा म्हणून तुमचं नाव घालते."

"एकट्याचं नको. ए-शिफ्टचं घाल सगळ्या."

घातलं. पुढचा रकाना, भाषा. मी 'नाही' लिहायला गेले.

"मराठी लिव," काकू म्हणाल्या. "त्या मशीनशी हे मराठीतच बोलायचे. शिव्या पण मराठीत."

शेवटचा रकाना, वस्तूवर असलेले डाग, खुणा. काकांनी कागद उजेडासमोर धरला आणि सांगू लागले. या कडेला लगद्याची गाठ. इथं फेल्टची, म्हणजे कागद दाबणाऱ्या लोकरी पट्ट्याची खूण. मी लिहीत गेले. मग ते म्हणाले, "आणि कोपऱ्यात एक पिवळी रेघ. कुणी मारली तिचं पण नाव लिव." लिहावं लागलं. पुढे समितीत साहेबांनी नेमकं तेच वाचलं आणि विचारलं, "ये लाइन किस महान संरक्षक ने खींची है?" सगळी समिती हसली म्हणे. ती रेघ आता कायमची देशाच्या दप्तरात आहे.

निघताना दोन्ही वेगवेगळे बांधले. नकाशा सपाट फळ्यांमध्ये, कागद वेगळ्या फोल्डरमध्ये. काकू गाडीपर्यंत आल्या. "तिकडे शेजारी शेजारी ठेवशील ना त्यांना?"

"शेजारी ठेवते काकू. पण पेट्या वेगळ्या. अंगाला अंग लागता कामा नये."

काकूंनी काकांकडे बघितलं. "मंग आमच्यासारखंच. हे बाजेवर, मी खाली."

"गाडी सोड रे!" काका ड्रायव्हरला म्हणाले.

नकाशाला लॅबमध्ये बरेच महिने लागले. निळा रंग लहानपणी पाहिला होता तितका नाही आला, पण गढूळपणा गेला. घड्या जुळल्या. तो नखाएवढा तुकडा आपल्या जागी बसला. एका कुंडीजवळचं चिंचेचं झाड होतं त्यावर. कोऱ्या कागदाच्या कडेची बारीक पट्टी काढून घ्यायला काकांची फोनवर परवानगी मागितली. "घे. पण गाठीच्या बाजूची नको," म्हणाले. त्या पट्टीवर औषधाचा ट्रायल झाला, चांगला झाला, आणि तेच औषध आता जुन्या वर्तमानपत्रांना देतोय. काकांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "म्हणजे माझ्या कागदावरून माझा बाकीचा कागद वाचणार." मी म्हटलं, हो काका, असंच. आणि मग आम्ही दोघंही हसलो.

दसऱ्याला मी नकाशाची नक्कल घेऊन लोधीपुऱ्यात गेले. उत्तम कागद, आणि ठेवायला ॲसिड नसलेल्या पुठ्ठ्याची पांढरीशुभ्र पेटी, आमच्या लॅबमध्ये बनवलेली. गल्लीतली सगळी मंडळी जमली. माव्याची जिलेबी आली. लताताईंनी मुलांना नकाशावर बोट ठेवून कुंड्या दाखवल्या. काकांनी प्रत्येकाला आपल्या कागदाचा ॲक्सेशन नंबर म्हणून दाखवला. कारखान्यातला टोकन नंबर आणि त्यापाठोपाठ हा, एका दमात. पेटीवर काकांनी स्वतः पेनानं रेघ ओढून बघितली. जांभळी. "पास," ते म्हणाले. मी कृतकृत्य होऊन दिल्लीला परत आले.

त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीत लालबागला एका लग्नाची बोलणी होती, तेव्हा परत त्यांच्याकडे गेले. काकूंनी कपाट उघडलं. देवाच्या फोटोखाली पेटी होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली.

मी डोकं धरून खाली बसले.

"काकू! अहो, काय हे!"

"एवढी पांढरी पेटी! धूळ नाही का बसणार तिच्यावर?"

"काका, तुम्ही तरी!"

"मी सांगितलं हिले ॲसिड असतं," काका शांतपणे म्हणाले. "पण पेटी मध्ये आहे ना? नकाशाले लागत तर नाही. आणि मागच्या दसऱ्याचा कागद काढला, या दसऱ्याचा घातला. ठेवला नाही."

मी विचार केला. मग अजून विचार केला. चूक काढता येईना. पेटी पास होती, कागद फेल होता, पण तो नकाशाला भिडत नव्हता, आणि वेळेवर बदलला होता. पुस्तकात लिहिलं आहे त्यापेक्षा बरं चाललं होतं सगळं.

तेव्हा वाचकहो, नोकरीतून मिळालेला सल्ला फुकट देते. घरातली मोलाची वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नका. माहीत आहे, तुम्ही गुंडाळणारच. मग निदान दर दसऱ्याला तो कागद काढून नवा घाला, आणि कुणाच्या हातचा शेवटचा असेल तर तो आमच्याकडे पाठवून द्या.